अलिबागची सुई आणि आकाशातली गळती

चौलच्या बंदराला जुनी गिऱ्हाइकं फार. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमिल्ला’ या नावानं येतं. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन घोडा घेऊन भारतात उतरला तो इथेच. १५०८ मध्ये कुंडलिकेच्या मुखाशी झालेल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला, आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत पोर्तुगीजांनी खालच्या चौलात, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, कोट उभा केला. १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. चौलचा इतिहास सांगणारे इथवर येतात, रामेश्वराच्या देवळाकडे वळतात आणि थांबतात. या किनाऱ्यानं चुंबकाच्या विज्ञानाला काय दिलं, ही गोष्ट त्यात क्वचितच येते.

ती सुरू होते १५३८ मध्ये. त्या वर्षअखेरीस गोव्याहून दीवकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यात झुआंव द कास्त्रो नावाचा एक चौकस दर्यावर्दी होता. पुढे तो गोव्याचा व्हाइसरॉय झाला, पण या प्रवासात त्याला नाद होता होकायंत्राचा. गणिती पेद्रो नुनीशनं आखून दिलेलं सावलीचं यंत्र घेऊन तो जागोजागी सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजत होता. लिस्बनहून येतानाच त्यानं हेरलं होतं, की जवळ लोखंडी तोफ असली की सुई बहकते. वसईच्या आसपास मात्र तोफ नसतानाही आकडे जुळेनात. कास्त्रोनं दोष दिला पाण्याखालच्या खडकांना, आणि तो बरोबर होता. कोकणचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात लोहचुंबकी खनिजं ठासून भरलेली आहेत. सुईचा नाजूक कारभार मांडायचा तर हा किनारा तसा गैरसोयीचाच.

तरीही जगातली सर्वांत मोलाची एक चुंबकीय नोंदवही याच किनाऱ्यावर भरली गेली. तिच्या सुरुवातीच्या पानांवर काम करणारा एक मुलगा चौलच्या शेजारचा होता.

रेवदंडा-चौलहून अलिबागकडे निघालं की वाटेत नागाव लागतं. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांचा जन्म १८२५ चा, या नागावचा. ते शिकले त्या एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार गणित आणि ज्योतिष शिकवत. मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये वेधशाळा काढली होती. १८४१ पासून तिथं ऑर्लेबारांच्या देखरेखीखाली चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेची धुरा वाहिली. केरूनाना तिथं नोकरीला लागले तेव्हा त्यांनी पुरती विशीही गाठली नव्हती. पगार महिना पन्नास रुपये. पुढे पुण्यात ते टिळकांचे गुरू आणि ‘ग्रहसाधनाची कोष्टके’चे कर्ते म्हणून नावारूपाला आले, पण त्यांच्या विज्ञानाची तालीम झाली ती हवामान आणि लोहचुंबक यांच्या वेधांवर. सूर्यावरच्या डागांचा आपल्या पावसापाण्याशी काही संबंध आहे का, या प्रश्नात त्यांनी नंतर घातलेलं लक्ष पाहिलं, की कुलाब्याचे दिवस वाया गेले नाहीत हे कळतं.

काम कंटाळवाणं होतं. रेशमी धाग्यानं टांगलेली चुंबकाची कांडी, तिला चिकटवलेला छोटा आरसा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुर्बीण. दुर्बिणीतून आरशात दिसणाऱ्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि लिहायचा. तासातासाला. रात्री, पावसात, सणावारी. काही हलत नसलं तरी लिहायचं. इंग्लंड, कॅनडा, सेंट हेलेना, सिंगापूर अशा कितीतरी ठिकाणी तेव्हा असेच वेध घेतले जात होते, कारण पृथ्वीच्या चुंबकत्वाचं कोडं एका गावात बसून सुटणार नाही हे जर्मन गणिती गाऊसनं युरोपला पटवून दिलं होतं.

या कंटाळ्याचं फळ १८५९ मध्ये मिळालं. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना त्याला त्यांच्यावर पांढराशुभ्र भडका दिसला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. अमेरिकेत तारयंत्रं ठिणग्या टाकू लागली, आणि जिथं ध्रुवीय प्रकाश कधी दिसत नाही अशा उष्ण प्रदेशांतलं आकाश लाल झालं. ग्रीनिच आणि क्यू इथं फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होत असे. तिथली रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यात असं यंत्र अजून आलं नव्हतं, ते आलं १८७२ मध्ये. इथं माणूस वाचत होता. सुईचं लक्षण ठीक दिसेना तेव्हा त्यानं तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतरानं आकडे टिपायला सुरुवात केली. २ सप्टेंबरची दुपार होण्याआधी मुंबईचं क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं, म्हणजे जवळजवळ चार टक्के. कनिष्ठ हुद्द्यावरच्या कुणा निरीक्षकानं दाखवलेल्या या प्रसंगावधानाला भारतातल्या विज्ञानाच्या इतिहासात एखादं प्रकरण मिळायला हरकत नव्हती.

मग मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं.

घोड्यांच्या ट्रामनं सुईला काही होत नव्हतं. विजेच्या ट्रामचा प्रवाह मात्र रुळांतून आणि जमिनीतून परत जातो, आणि तो दर थांब्याला बदलतो. कुलाब्याची वेधशाळा मग सूर्याची नव्हे, तर ट्रामच्या वेळापत्रकाची नोंद करत बसली असती. त्या वेळी संचालक होते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. त्यांनी नवी जागा निवडली ती समुद्रापलीकडे, अलिबागला: मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर, चौलपासून अठराएक, आणि आगगाडी-ट्रामच्या वाऱ्यापासून दूर. १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. कास्त्रोला चकवणारा काळा कातळ इथं चालणार नव्हता, म्हणून इमारतीसाठी पोरबंदरी दगड आणला, आणि लोखंडाच्या जागी तांबं-पितळ वापरलं. पण मूस यांची खरी दूरदृष्टी वेगळीच. त्यांनी जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक सांधता यावी. मुंबईत विजेची ट्राम धावली ती मे १९०७ मध्ये. तोवर सुई सुरक्षित होती. कुलाबा-अलिबागची सलग मालिका आज पावणेदोनशे वर्षांपलीकडे गेली आहे, आणि इतकी लांब मालिका जगात मोजक्या ठिकाणीच आहे.

सुई नेमकं काय पाहत होती, हे मूस यांनाही ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते कळायला उपग्रह उडावे लागले. त्याच सुमारास, पूर्णपणे वेगळ्या कारणानं, काही माणसं प्रयोगशाळेत पृथ्वीची नक्कल करायला निघाली होती.

विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतो. रेषा जिथं दाटतात, म्हणजे क्षेत्र जोरदार होतं, तिथं त्याची गिरकी वेगवान होते आणि पुढे सरकण्याचा वेग तेवढा कमी होतो. क्षेत्र पुरेसं वाढलं की तो थांबतो आणि उलटा फिरतो. हा चुंबकीय आरसा. दोन टोकांना असे दोन आरसे असले की मधे बाटली तयार होते. पृथ्वीच्या क्षेत्ररेषा दोन्ही ध्रुवांकडे दाटत जातात, त्यामुळे आपल्या डोक्यावर अशी एक प्रचंड बाटली निसर्गतःच आहे. १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ उपग्रहावरच्या गणकानं जेम्स व्हॅन ॲलन यांना तिच्यात अडकलेले कण दाखवले. वादळात सूर्याकडून आलेल्या ऊर्जेनं ही बाटली भरते. अडकलेले आयन एका बाजूनं आणि इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूनं पृथ्वीभोवती सरकतात, त्यातून विषुववृत्ताच्या पातळीत विजेचं कडं तयार होतं आणि खालचं क्षैतिज क्षेत्र कमी करतं. अलिबागची सुई पडते ती यामुळे. ती किती पडली यावरून बाटली किती भरली ते कळतं. ती किती लवकर सावरली यावरून बाटली किती गळते तेही.

गळती अटळ असते, कारण आरसा सगळ्यांना परतवत नाही. जो कण गिरकी कमी आणि सरळ धाव जास्त अशा चालीनं येतो, तो आरशातून निसटतो. अशा दिशांचा मिळून एक शंकू होतो, त्याला गळतीचा शंकू म्हणू. तोंडाशी क्षेत्र मध्याच्या चौपट असेल, तर सगळ्या दिशांना सारखे पळणाऱ्या कणांतले सुमारे ८७ टक्के अडकतात आणि १३ टक्के पहिल्याच खेपेला जातात. पृथ्वीच्या केंद्रापासून चार त्रिज्यांवरच्या रेषेचं तोंड मध्यापेक्षा शंभरपटीहून जोरदार आहे, तिथला शंकू जेमतेम पाच अंशांचा. पण शंकू अरुंद असून भागत नाही. आत उरलेले कण एकमेकांवर आपटत राहतात, त्यांच्या चाली बदलतात, आणि आज अडकलेला उद्या शंकूत जाऊन पडतो.

अमेरिकेत लिव्हरमोरला रिचर्ड पोस्ट आणि सोव्हिएत रशियात गेर्श बुडकर यांना १९५० च्या दशकात एकमेकांच्या नकळत ही बाटली सुचली. हायड्रोजनच्या भावंडांचा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवून, म्हणजे प्लाझ्मा करून, तिच्यात कोंडायचा आणि सूर्यातल्यासारखं अणुसंमीलन घडवायचं. आशा उतू जात होती. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनी भाकीत केलं, की वीस वर्षांत ही ऊर्जा माणसाच्या काबूत येईल. वीस वर्षं कधीच सरली.

अडचणी एकामागून एक आल्या. खारभूमीच्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही: बांधाची एक खांड बुजवावी, तर भरतीचं पाणी दुसरीकडून घुसतं. पहिली खांड बाजूची. साध्या बाटलीत क्षेत्र मध्याकडून बाहेर गेलं की कमी होतं, त्यामुळे प्लाझ्मा टोकांची वाट न पाहता आडवाच भिंतीवर जाऊन पडे. १९६१ मध्ये मिखाईल योफेनं बाटलीभोवती प्रवाह वाहणाऱ्या सळया लावल्या, म्हणजे मध्यापासून कुठल्याही दिशेला गेलं तरी क्षेत्र वाढतच जावं. प्लाझ्मा जागेवर बसला. मग लक्षात आलं, की गळतीच्या शंकूतली जागा रिकामी असणं हाच एक रोग आहे. प्लाझ्माला तो असमतोल सोसत नाही. त्यातून लहरी उठतात आणि त्या लहरीच अडकलेल्या कणांना शंकूत ढकलतात. लिव्हरमोरच्या २एक्सटूबी या यंत्रात १९७५ मध्ये टोकांकडून कोमट प्लाझ्माची धार सोडून ती पोकळी थोडी भरली, लहरी शमल्या आणि आयनांचं तापमान दहा कोटी अंशांपलीकडे गेलं.

याच लहरी आकाशातही उठतात. १९६० च्या दशकात चार्ल्स केनेल आणि हॅरी पेचेक यांनी दाखवलं, की पृथ्वीच्या बाटलीत कण एका मर्यादेपलीकडे साठले, तर त्यांनीच उठवलेल्या लहरी त्यांना वातावरणात सांडतात. यंत्राचे लोक आणि आकाशाचे लोक तेव्हा एकमेकांची समीकरणं उसनी घेत होते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या राम वर्मा यांनी १९७१ मध्ये आरशातून निसटणाऱ्या कणांसाठी पुंजभौतिकीच्या धर्तीवरचं एक वेगळंच समीकरण मांडलं, आणि पुढे त्यावर तिथं प्रयोगही झाले.

कधी कधी उसनवारी भीतीदायक झाली. लिव्हरमोरच्याच निकोलस क्रिस्टोफिलोसच्या कल्पनेवरून १९५८ मध्ये अमेरिकेनं दक्षिण अटलांटिकवर अणुस्फोट करून पृथ्वीच्या बाटलीत मुद्दाम इलेक्ट्रॉन भरून पाहिले. जुलै १९६२ मध्ये पॅसिफिकवर ‘स्टारफिश प्राइम’ हा १४ लाख टन टीएनटीच्या ताकदीचा स्फोट झाला. त्यातून अडकलेल्या इलेक्ट्रॉनांनी नव्याकोऱ्या टेलस्टारसह अनेक उपग्रह निकामी केले, आणि त्यांतले काही कण वर्षानुवर्षं टिकले. निसर्गाची बाटली इतका काळ धरून ठेवते आणि माणसाच्या बाटलीतून सेकंदाच्या छोट्या अंशात सगळं निसटतं, याचं मुख्य कारण गर्दी. अवकाशातल्या या पट्ट्यांत घनसेंटिमीटरमध्ये मोजके कण असतात. संमीलनाच्या यंत्रात तेवढ्याच जागेत दहा लाख कोटी. संमीलन हवं तर टक्कर हवी, आणि टक्कर झाली की गळतीही आलीच. तोंडाचं क्षेत्र वाढवून फारसा उपयोग नाही: साध्या गणितानुसार ते दहापटीवरून शंभरपटीवर नेलं, तरी कणांचा मुक्काम जेमतेम दुप्पट होतो.

आकाशातल्या बाटलीला गळतीची आणखी एक वाट आहे. वेगवान आयन वरच्या विरळ हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन हिसकावतो, विद्युतभार गमावतो आणि चुंबकाला न जुमानता सरळ निघून जातो. ही अदलाबदल सावकाश चालते, म्हणून वादळानंतर सुई सावरायला कित्येक तास, कधी काही दिवस लागतात. कुलाब्याची १८५९ ची नोंद नेमकी इथंच बोचते. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लाखिना व शोभना ॲलेक्स यांनी ती जुनी पानं उघडून जगापुढे मांडली. लाखिना हे मूळचे प्लाझ्मातल्या लहरींचे अभ्यासक, त्यामुळे आकड्यांमागचं भौतिक त्यांना परकं नव्हतं. त्या वादळात सुई जितक्या झपाट्यानं पडली तितक्याच झपाट्यानं, तासाभरातच, बरीचशी वर आली. इतकी जलद गळती अदलाबदलीनं होत नाही. काहींनी सूर्याकडून आलेल्या दाट प्लाझ्माकडे बोट दाखवलं. काहींच्या मते त्या घसरणीतला मोठा वाटा विजेच्या कड्याचा नव्हताच, तो आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, प्रवाहांचा होता. २०२२ मध्ये जपान, भारत आणि इतर देशांतल्या अभ्यासकांनी कुलाब्याच्या छापील वार्षिकांतून क्षेत्राचे तिन्ही घटक पुन्हा तपासले. ताशी सरासरी काढल्यावर वादळाचा आकडा हजार नॅनोटेस्लांच्या आत येतो, तरी नंतरच्या ज्ञात वादळांत तो मोठाच राहतो. १९८९ मध्ये क्वेबेक अंधारात बुडवणारं वादळ ५८९ चं होतं.

यंत्रांकडे १९७६ मध्ये नवी युक्ती आली. आरशातून इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा लवकर निसटतात, त्यामुळे आतला प्लाझ्मा धनभारित होतो. हा दोष गुण म्हणून वापरायचं रशियात गेन्नादी दिमोव आणि सहकाऱ्यांना, तर लिव्हरमोरला केनेथ फाउलर आणि ग्रँट लोगन यांना एकाच वर्षी सुचलं: लांब नळीच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी, दाट बाटली बसवायची. तिथला वाढीव धनभार मधल्या आयनांना मागे रेटतो. १९७९ च्या सुमारास टीएमएक्स यंत्रात हे जमलं, जपानमध्ये त्सुकुबाला गॅमा-१० उभं राहिलं, आणि लिव्हरमोरनं ३७ कोटी २० लाख डॉलर ओतून एमएफटीएफ-बी बांधलं. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि पैसे नाहीत म्हणून ते लगोलग बंदही झालं. त्यात प्लाझ्माचा एकही प्रयोग झाला नाही. तेव्हापासून संमीलनाचा बहुतेक निधी टोकामॅक या बांगडीसारख्या यंत्राकडे गेला. त्यात रेषांना टोकच नसतं, म्हणून टोकाची गळतीही नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेनं १९८९ मध्ये चालू केलेलं ‘आदित्य’ही टोकामॅकच.

आरशांचा दिवा सायबेरियात, नोवोसिबिर्स्कच्या बुडकर संस्थेत जळत राहिला. तिथल्या ‘गॅस डायनॅमिक ट्रॅप’नं खटपट उलट्या बाजूनं केली: प्लाझ्मा इतका दाट ठेवायचा, की कण निसटण्याआधी पुष्कळदा आपटतील आणि चिंचोळ्या तोंडातून वायूसारखे हळूहळू झिरपतील. आरशापलीकडे क्षेत्ररेषा एकदम फाकवल्या, की बाहेरचे थंड इलेक्ट्रॉन आत येऊन उष्णता पळवत नाहीत. कडेच्या कड्यांना विद्युतदाब देऊन प्लाझ्माची कड फिरती ठेवली, की आडवी गळती आवरते. या जोडणीवर सूक्ष्मलहरींनी तापवून इलेक्ट्रॉन सुमारे एक कोटी अंशांपर्यंत नेल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या आरशात इलेक्ट्रॉन थंडच राहणार, ही जुनी समजूत त्यानं मोडली.

नोवोसिबिर्स्कची शिदोरी घेऊन अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठानं ‘व्हॅम’ हे यंत्र बांधलं. जुलै २०२४ मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा झाला. त्याच्या टोकांच्या अतिसंवाहक चुंबकांचं क्षेत्र १७ टेस्ला, म्हणजे अलिबागच्या सुईला जाणवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे चार लाख पट. या प्रकल्पातून निघालेली रेयाल्टा फ्यूजन ही कंपनी पुढच्या टप्प्यात दिमोव-फाउलर यांच्या जोड-आरशाकडेच जायचं म्हणते: मधे लांब नळी, आणि तिच्या दोन्ही तोंडांशी ‘व्हॅम’सारखी एकेक बाटली बूच म्हणून.